एमजी टीडीसाठी ‘ओरिजिनल’ म्हणून आलेली एसयू कार्बुरेटरची जोडी: अस्सलपणा कसा तपासावा?

रामबागकर, इंदूर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १९५१ सालची एमजी टीडी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. ती माझ्या ताब्यात आली तेव्हाच तिच्या १२५० सीसी इंजिनावरची एसयू या इंग्लिश कंपनीच्या कार्बुरेटरांची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागांची) मूळ जोडी नाहीशी झालेली होती आणि तिच्या जागी इथेच बनवलेल्या मॅनिफोल्डवर (कार्बुरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीवर) एकच सोलेक्स कार्बुरेटर बसवलेला होता. पेट्रोल वाचावे आणि सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळावेत म्हणून आपल्याकडे अनेक परदेशी गाड्यांचे असे झाले, त्यामुळे आधीच्या मालकांना दोष देण्याचे कारण नाही. सध्या इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलेच असल्याने, बंद करताना ते मूळ मांडणीवर आणावे असा माझा विचार आहे.

परगावच्या एका विक्रेत्याने एच२ प्रकारच्या दोन कार्बुरेटरांची जोडी पाठवली असून ती नवलखा भागातल्या माझ्या ओळखीच्या गॅरेजात तपासणीसाठी ठेवलेली आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की ही जोडी कारखान्यातून आलेली, कधीही न वापरलेली आणि होळकर संस्थानच्या गॅरेजच्या कोठारात पडून राहिलेली आहे. सोबत एक जुनाट खोका आहे. दोन्ही कार्बुरेटरांच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठवणाऱ्या भांड्याच्या) झाकणावर एसयूचे क्रमांक असलेले धातूचे बिल्ले आहेत. मागितलेली रक्कम इंग्लंडहून नवी जोडी आयात करण्याच्या खर्चापेक्षा बरीच अधिक आहे, आणि ती केवळ ‘ओरिजिनल’ या एका शब्दापोटी आहे.

विक्रेत्याने जोडी खोलून पाहण्याची परवानगी दिली आहे, मात्र कोठेही ओरखडा काढायचा नाही आणि पॉलिश करायचे नाही, अशी अट आहे. या मर्यादेत राहून नेमके काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कोणत्या खुणेला किती वजन द्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनेइंजिन, वडोदरा

रामबागकर यांस नमस्कार. आपण विकत घेण्यापूर्वी विचारलेत हे बरे झाले, कारण बहुतेक लोक पैसे देऊन झाल्यावर विचारतात आणि मग त्यांना उत्तर ऐकायचे नसते.

प्रथम बिल्ला, खोका आणि चमक या तीन गोष्टी बाजूला ठेवाव्यात. या तिन्ही गोष्टी थोडक्या खर्चात करून मिळतात, आणि नेमक्या त्याच ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आधी धरल्या जातात. सुरुवात प्रकार ओळखण्यापासून करावी. एच२ आणि नंतरचा एचएस२ या दोघांचाही गळा, म्हणजे हवा जाण्याची वाट, सव्वा इंचाचा असतो. एसयूच्या नावातील आकडा म्हणजे एक इंचाच्या वर किती अष्टमांश इंच, इतका साधा तो हिशेब आहे. त्यामुळे गळ्याचे माप घेऊन दोघांतला फरक कळत नाही. तो खालच्या बाजूला कळतो. एच प्रकारात फ्लोट चेंबर आडव्या हातासारख्या ओतीव भागाने आणि बोल्टने कार्बुरेटरच्या तळाशी जोडलेला असतो आणि जेटभोवती (पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीभोवती) कॉर्कचे सील, म्हणजे ग्लँड, असतात. एचएस प्रकारात फ्लोट चेंबरपासून जेटच्या बुडापर्यंत नायलॉनची लवचीक नळी जाते. एचएस मालिका १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली, तर टीडीचे उत्पादन १९५३ मध्येच संपले होते. उत्तरकाळच्या मॉरिस मायनरवरचे किंवा आपल्याकडच्या अ‍ॅम्बेसेडरवरचे एचएस उतरवून, घासूनपुसून, ‘एमजीची जोडी’ म्हणून विकले जाताना मी पाहिले आहेत. वस्तू एसयूचीच असते, अस्सलही असते, पण ती या गाडीची नसते.

प्रकार जुळला की आटे पाहावेत. त्या काळच्या इंग्लिश कामात बारीक पेचांना बीए पद्धतीचे आणि त्याहून मोठ्यांना व्हिटवर्थ कुळातले आटे असत. बीएच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, व्हिटवर्थचा पंचावन्न अंशांचा आणि मेट्रिकचा साठ अंशांचा. डॅशपॉट (पिस्टनवरची घुमटासारखी टोपी) बॉडीवर धरून ठेवणारे पेच काढून त्यांना पिच गेज (आट्यांमधले अंतर मापायचे साधन) लावावा. तिथे मेट्रिक आटे निघाले तर दोनच शक्यता उरतात: भोके कधीतरी मोठी करून नव्याने आटे पाडले आहेत, किंवा बॉडीच नव्या जमान्यातली आहे. पेचांची डोकी सरळ खाचेची असावीत. एखादा पेच बदललेला असणे स्वाभाविक आहे, परंतु भोकातले आटे कोणी उगाच बदलत नाही.

त्यानंतर ‘कधीही न वापरलेली’ हा दावा तपासावा, कारण तो सर्वांत सहज तपासता येतो. बटरफ्लायचा, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणाऱ्या पितळी चकतीचा, दांडा बोटांत धरून वरखाली हलवून पाहावा. वापरलेल्या एसयूमध्ये बॉडीतली दांड्याची भोके लांबट होतात आणि तिथून हवा ओढली जाते. हा या कार्बुरेटरचा कायमचा आजार आहे. दांडा घट्ट बसत असेल तर भोकाच्या तोंडाशी भिंगातून पाहावे. तिथे बॉडीच्या धातूत पितळेची किंवा ब्राँझची वेगळी कडी दिसली, तर ते नंतर बसवलेले बुश, म्हणजे भोकातल्या पुंगळ्या, असू शकतात. बुश बसवणे यात गैर काहीच नाही, उलट ते चांगल्या दुरुस्तीचे लक्षण आहे. पण मग वस्तू न वापरलेली असू शकत नाही. पितळी चकतीचे दोन छोटे पेच दुभंगलेल्या टोकांचे असतात आणि बसवल्यावर ती टोके फाकवलेली असतात. ती एकदा मिटवून पुन्हा फाकवली असतील तर धातूवर तसे वळ राहतात.

नीडल, म्हणजे जेटमध्ये वरखाली होणारी निमुळती सुई, काढून तिच्या दांड्यावरची अक्षरेही पाहावीत. टीडीच्या सर्वसाधारण मांडणीत ‘ईएस’ नीडल आणि ०.०९० इंचाचा जेट असतो. नीडलचा खांद्याजवळचा व्यास मायक्रोमीटरने साधारण ०.०८९ इंच, म्हणजे २.२६ मिलिमीटर भरावा. अर्थात नीडल सुटी मिळते आणि दोन मिनिटांत बदलता येते, म्हणून ती बरोबर निघाल्यास फार आनंद मानू नये. मात्र चुकीची निघाल्यास ‘कारखान्यातून जशीच्या तशी’ या म्हणण्याला तडा जातो.

शेवटी डॅशपॉट आणि पिस्टन. हे दोन भाग कारखान्यात एकमेकांना जुळवून दिलेले असत आणि त्यांची अदलाबदल करू नये, असा नियमच होता. दोन्ही स्वच्छ करून, पिस्टनची हवेची भोके बंद करून, डॅशपॉट उलटा धरला असता या मापाच्या कार्बुरेटरमध्ये त्यांना एकमेकांपासून सरकायला साधारण तीन ते पाच सेकंद लागतात. त्याहून फार लवकर सरकले तर ती जोडी मुळात एकत्र जन्मलेली नाही किंवा आतून घासली गेली आहे.

ओतशाळा, सांवेर रोड

वरील प्रतिसादात ओतकामाचा उल्लेख आला नाही, म्हणून त्याबद्दल लिहितो. माझा व्यवसाय अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांचा आहे आणि जुन्या यंत्रांचे बंद झालेले भाग नमुन्यावरून करून द्या, अशी मागणी आमच्याकडे नेहमी येते. आम्ही ते प्रामाणिकपणे ‘नवीन’ म्हणून देतो. पुढे त्यावर कोण काय लिहितो ते आमच्या हातात राहत नाही.

मूळ वस्तूवरूनच साचा घेऊन वाळूत नक्कल ओतली तर ती मूळ वस्तूपेक्षा लहान येते, कारण अ‍ॅल्युमिनियम थंड होताना लांबीत सुमारे १.३ टक्के आकसते. कसबी पॅटर्न करणारा हे गृहीत धरून पॅटर्न तेवढा मोठा करतो, पण नक्कल करणाऱ्याला लाकडी पॅटर्नचा खर्च नको असतो; तो मूळ बॉडीच वाळूत दाबतो. मग मशीनवर कापलेल्या जागा, म्हणजे गळा, फ्लँजचे तोंड, बोल्टची भोके, बरोबर मापाची निघतात, कारण त्या ओतल्यानंतर कापलेल्या असतात. न कापलेल्या जागा मात्र आकसलेल्या राहतात. आपल्याकडे जोडी आहे हे सोयीचे आहे. दोन्ही बॉड्यांवर जिथे टूल लागलेलेच नाही अशी एकच जागा निवडून व्हर्निअरने मापावी. साठ मिलिमीटरच्या आसपासच्या मापात पाऊण मिलिमीटरचा फरक दिसला, तर दोन्ही एका कारखान्याच्या एका साच्यातून आलेल्या नाहीत.

सोबत ओतीव अक्षरांच्या कडा पाहाव्यात. धातूच्या साच्यातून निघालेल्या अक्षरांची कड नखाला लागते. वाळूतल्या नकलेत ती गोलसर होते आणि अक्षरांच्या पोटात वाळूचा खरखरीतपणा राहतो. तो घालवण्यासाठी नक्कल करणारे बारीक काचेच्या मण्यांचा मारा करतात, त्यामुळे संपूर्ण पृष्ठभाग एकसारखा राखाडी आणि निस्तेज दिसतो. अर्थात जुन्या अस्सल बॉडीवरही सफाईसाठी हाच मारा केला जातो, म्हणून केवळ रंगावरून निर्णय करू नये.

धातूबद्दल शंका असेल तर त्याला ओरखडा काढण्याची गरज नाही. सराफ्यात सोन्याच्या कसासाठी ठेवलेला अचूक काटा याला पुरेसा आहे. बॉडीवरचे सर्व पोलादी आणि पितळी भाग काढून ती हवेत तोलावी, मग दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोलावी. समजा हवेत ३१० ग्रॅम आणि पाण्यात १९५ ग्रॅम भरली, तर फरक ११५ ग्रॅम. ३१० भागिले ११५ म्हणजे सुमारे २.७, आणि ते अ‍ॅल्युमिनियम झाले. जस्ताच्या मिश्रधातूसाठी हाच भागाकार ६.६च्या वर येतो आणि पितळेसाठी ८.४च्या पुढे. बुडवताना भोकांत हवेचे बुडबुडे अडकू देऊ नयेत, नाहीतर आकडा फसवा येतो. एसयूच्या बॉडीच्या बाबतीत या चाचणीने फक्त ढोबळ लबाडी पकडली जाते, कारण नक्कल करणाराही बहुधा अ‍ॅल्युमिनियमच वापरतो. पण सोलेक्स किंवा कार्टरसारख्या जस्ताच्या बॉड्यांच्या बाबतीत ती फार उपयोगी पडते.

सराफाच्या दुकानातले क्ष-किरणांचे कॅरेट मीटर वापरावे, असा सल्ला इथे कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो: ते यंत्र फक्त वरचा अगदी पातळ थर वाचते. मुलामा दिलेल्या भागावर ते मुलाम्याचाच धातू सांगेल.

कागदवाला, ग्वाल्हेर

मला कार्बुरेटरमधले फारसे कळत नाही. मी जुनी बिले, लेबले आणि जाहिराती जमवतो. खोक्याचे स्पष्ट छायाचित्र टाकता येईल का? विशेषतः त्यावर एखाद्या भारतीय विक्रेत्याचे लेबल असेल तर पत्ता नीट वाचावा. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. १९५७ पूर्वीच्या लेबलावर किंमत रुपये, आणे आणि पैच्या रकान्यांत असायला हवी. ‘चेन्नई’ हे नाव अधिकृत झाले १९९६ मध्ये आणि ‘मुंबई’ १९९५ मध्ये. खोक्याला चहाचे पाणी लावून पिवळे करणारे लोक या साध्या गोष्टी विसरतात.

संस्थानच्या कोठाराबद्दल एक शंका. इंदूर संस्थान १९४८ मध्येच ‘मध्य भारत’ या नव्या राज्यात विलीन झाले. टीडी गाडी बाजारात आली ती १९४९च्या अखेरीनंतर. मग टीडीचे सुटे भाग संस्थानच्या गॅरेजने कधी मागवले?

जुनेइंजिन, वडोदरा

कागदवाला यांचा मुद्दा बिनतोड आहे, तरी विक्रेत्याच्या बाजूने जे म्हणता येईल तेही म्हणायला हवे. सव्वा इंची एसयूची जोडी टीडीच्या आधीच्या टीसीवरही होती, आणि टीसी १९४५ पासून निघत होती. शिवाय विलीनीकरणानंतरही राजघराण्यांच्या खासगी गाड्या आणि गॅरेजे चालूच राहिली. त्यामुळे कथा अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ‘संस्थानच्या कोठारातली टीडीची जोडी’ हे वाक्य जसे सांगितले तसे टिकत नाही, आणि कागद दाखवल्याशिवाय त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. राजघराण्याचे नाव जोडले की भंगारालाही भाव येतो. यशवंतराव होळकर दुसरे यांच्या ड्यूसेनबर्ग आणि बुगाटीसारख्या गाड्या जगभर नावाजलेल्या आहेत, त्यामुळे इंदुरात ही कथा विकणे विशेष सोपे जाते. आमच्या वडोदऱ्यात हेच गायकवाडांच्या नावाने चालते.

ओतकामाची माहिती फार मोलाची आहे. तिला एकच पुस्ती जोडतो: कारखान्यातही वर्षांगणिक साचे बदलत, म्हणून दोन अस्सल बॉड्यांतही थोडा फरक निघू शकतो. मापातला फरक, बोथट अक्षरे आणि चुकीचे आटे असे तिन्ही एकाच बॉडीवर आढळले तरच ती नक्कल म्हणावी.

रामबागकर, इंदूर

सर्वांचे आभार. काल गॅरेजात बसून, मिस्त्रींच्या मदतीने, दोन्ही कार्बुरेटर पूर्ण खोलले. जे दिसले ते क्रमाने सांगतो.

दोन्हींचा प्रकार एच आहे. नायलॉनची नळी नाही, फ्लोट चेंबरचा ओतीव हात आहे आणि कॉर्कचे ग्लँड आहेत. ग्लँड मात्र अगदी नवे, फिकट रंगाचे आहेत.

मागच्या कार्बुरेटरच्या डॅशपॉटचे पेच बीएचे आहेत. त्याच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना ब्राँझची बारीक कडी भिंगातून स्वच्छ दिसते. फ्लोट चेंबरच्या तळाच्या कोपऱ्यात, जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे, तपकिरी रंगाचा लाखेसारखा कडक थर आहे. पिस्टन आणि डॅशपॉट उलटे धरल्यावर चार सेकंदांच्या आसपास लागले. बॉडीवरची अक्षरे नखाला टोचतात.

पुढच्या कार्बुरेटरचे पेचही सरळ खाचेचेच आहेत, पण पिच गेजवर ते मेट्रिक निघाले, आणि चारही भोकांतले आटे तसेच आहेत. दांडा घट्ट आहे, बुश नाहीत, फ्लोट चेंबरमध्ये कोठेही डाग नाही. अक्षरे वाचता येतात, पण त्यांच्या कडा वितळल्यासारख्या आहेत. पिस्टन हात सोडताच खाली आला; सेकंद मोजायला वेळच मिळाला नाही. बॉडीच्या बाहेरच्या, टूल न लागलेल्या जागी मागच्या बॉडीचे माप ६२.४ मिलिमीटर आणि पुढच्याचे ६१.६ मिलिमीटर आले. फ्लँजच्या बोल्टच्या भोकांतले अंतर दोन्हींचे अगदी सारखे आहे.

बिल्ल्यांबद्दल: दोन्ही बिल्ल्यांवर एकच क्रमांक आहे. मागच्या झाकणावरून बिल्ला काढला तेव्हा खाली त्याची काहीही खूण नव्हती. झाकण सर्वत्र एकसारखे मळकट होते. दोन्ही बिल्ल्यांच्या पाठी गुळगुळीत आहेत.

खोक्यावर एका दुकानाचे लेबल आहे. त्यावरचा पत्ता ‘बॉम्बे’चा असून पुढे सहा आकडी पिनकोड आहे.

कागदवाला, ग्वाल्हेर

मग खोका १९७२ नंतरचा. ‘बॉम्बे’ आणि पिनकोड एकत्र म्हणजे बहुधा १९७२ ते १९९५ या काळातला. खोका अस्सल जुना असेलही, पण तो संस्थानच्या काळातला नाही.

जुनेइंजिन, वडोदरा

आपण केलेली तपासणी इतकी नेटकी आहे की निष्कर्ष काढणे अवघड नाही. मागचा कार्बुरेटर त्या काळातला अस्सल एसयू आहे, वापरलेला आहे आणि कोणीतरी जाणकाराने त्याला बुश घालून दुरुस्त केलेला आहे. कोपऱ्यातला तपकिरी थर म्हणजे वर्षानुवर्षे सुकत गेलेल्या पेट्रोलचा साका. तो रसायनाने हुबेहूब आणणे कठीण असते, कारण खरा साका खोलगट जागी जाड आणि उभ्या भिंतींवर पातळ असतो. पुढचा कार्बुरेटर नक्कल आहे. ०.८ मिलिमीटरचा फरक ६२.४ वर जवळजवळ १.३ टक्के होतो, म्हणजे ओतशाळा यांनी सांगितलेले आकुंचन तंतोतंत. त्याला मेट्रिक आटे आणि बोथट अक्षरांची साथ आहे. बहुधा मागच्या बॉडीसारख्याच एखाद्या बॉडीवरून ती ओतली गेली असावी.

बिल्ल्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. मूळ बिल्ल्यावर क्रमांक ठोकून उमटवलेला असे, त्यामुळे पाठीमागे अक्षरांचे फुगवटे बोटाला जाणवतात. गुळगुळीत पाठ म्हणजे अक्षरे कोरलेली किंवा लेझरने जाळलेली आहेत. भिंगातून अक्षराच्या कडेला काळसर जळकी किनार दिसते का ते पाहावे. दुसरे असे की बिल्ला दशकानुदशके एका जागी बसला की त्याच्या खालचा धातू झाकलेला राहतो आणि बिल्ल्याच्या आकाराची उजळ सावली उरते. मागचे झाकण अस्सल आणि मळकट आहे, पण सावली नाही, याचा अर्थ तो बिल्ला अलीकडे बसवला आहे. बिल्ला हरवणे ही एसयूच्या बाबतीत नित्याची गोष्ट असून, बिल्ला नसलेला अस्सल कार्बुरेटर मी निःशंकपणे घेईन. खोटा बिल्ला लावलेल्याचा मात्र मला संशय येतो.

बिल्ल्यावरचा क्रमांक संपूर्ण मांडणीचा, म्हणजे कोणत्या गाडीसाठी कोणती नीडल आणि जेट, याचा असतो. बॉडीवर ओतलेले एयूसीने सुरू होणारे क्रमांक त्या ओतीव भागाचे असतात आणि एकच ओतीव भाग अनेक गाड्यांत वापरला जाई. विक्रेते ओतीव क्रमांकावर बोट ठेवून ‘हा पाहा टीडीचा नंबर’ म्हणतात, त्याला भुलू नये.

महूकर

मी जीपवाला आहे, त्यामुळे एवढ्या खोलात जाणार नाही. पण एक विचारतो: गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर या ओरिजिनलच्या मागे लागायचेच कशाला? इंग्लंडमधील सॅलिसबरीची बर्लन ही कंपनी आजही एसयूच्या नावाने नवे कार्बुरेटर आणि सुटे भाग बनवते. विलिस जीपच्या कार्टर कार्बुरेटरच्या तर इतक्या नकला बाजारात आहेत की आम्ही आता ‘चालतो का’ एवढेच विचारतो. आणि हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने रबर आणि जुने सील टिकत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

जुनेइंजिन, वडोदरा

महूकर यांचे म्हणणे चालवण्यापुरते पूर्णपणे मान्य आहे. नव्या पेट्रोलसाठी आतले सील आणि फ्लोटची सुई आधुनिक साहित्याची घालावी, मग बाहेरची बॉडी कितीही जुनी असो. बर्लनची नवी जोडी ही फसवणूक नाही. ती नव्याच्या किमतीला, नवी म्हणून विकली जाते. इथला वाद किमतीचा आहे. १९५०च्या बॉडीचे म्हणून पैसे घेतले जात असतील तर बॉडी १९५०ची असली पाहिजे.

प्रदर्शनाचा विचार असल्यास तिथे फरक पडतो. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ‘ट्वेंटी वन गन सॅल्यूट’ची जुन्या गाड्यांची स्पर्धा झाली, तेव्हा मी बराच वेळ परीक्षकांच्या मागे मागे होतो. अशा ठिकाणी बॉनेट उघडले जाते, प्रश्न विचारले जातात, पण कार्बुरेटर कोणी खोलत नाही. म्हणूनच नक्कल करणारे बाहेरच्या दिसण्यावर सगळी मेहनत घेतात आणि आतल्या आट्यांकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते प्रदर्शनातही ‘मागचा मूळ, पुढचा नवा’ असे कार्डावर लिहून ठेवणारा मालक अधिक आदरास पात्र असतो, पण गुणपत्रिका तसे मानतेच असे नाही.

थोडे विषयाला लागूनच, पण गमतीचे: एसयूच्या स्किनर बंधूंचे घराणे पादत्राणांच्या व्यापारातले होते, आणि त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. पिस्टन नंतर आला आणि कंपनी १९२६ मध्ये मॉरिसकडे गेली. त्यामुळे कोणी फार जुना ‘पिस्टनवाला पहिला एसयू’ विकायला आणला तर त्याला भात्याबद्दल जरूर विचारावे.

वकील, पलासिया

तांत्रिक बाजू स्पष्ट झाली आहे, म्हणून व्यवहाराबद्दल दोन गोष्टी. वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे, ही १९३०च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १५ नुसार गर्भित अट आहे. वर्णन तोंडी राहिले तर ते सिद्ध करणे जड जाते. म्हणून काहीही घेण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारावे: दोन्ही बॉड्या एसयूनेच त्या काळात ओतलेल्या आहेत का, न वापरलेल्या आहेत का, आणि बिल्ले मूळचे आहेत का. व्हॉट्सअ‍ॅपवरचे उत्तरही जपून ठेवावे. पूर्वीची जाहिरात आणि छायाचित्रे आजच उतरवून घ्यावीत, कारण वाद सुरू झाला की ती नाहीशी होतात.

गाडीच्या नोंदणीबद्दल कोणाच्या मनात भीती असल्यास: २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आहे आणि त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. तुटक्या कार्बुरेटरच्या जागी त्याच प्रकारचा नवा बसवणे हा माझ्या वाचनाप्रमाणे असा फेरबदल ठरू नये.

रामबागकर, इंदूर

वकील साहेबांच्या सूचनेप्रमाणे विक्रेत्याला तिन्ही प्रश्न लेखी पाठवले. उत्तर आले ते असे की ‘माल जसा आहे तसा आहे, घ्यायचा तर घ्या’. पिनकोडबद्दल आणि मेट्रिक आट्यांबद्दल विचारले त्यावर काहीच उत्तर आले नाही.

मी जोडी म्हणून व्यवहार नाकारला असून फक्त मागचा कार्बुरेटर, बिल्ला न धरता, वापरलेल्या आणि दुरुस्त केलेल्या वस्तूच्या भावाने घेण्याची तयारी कळवली आहे. तो मान्य झाला तर पुढच्यासाठी बर्लनची नवी बॉडी मागवावी की जुन्या एच२ची वाट पाहावी, हे ठरवायचे आहे. ओतशाळा यांना एक विनंती: नवी आणि जुनी बॉडी शेजारी बसवल्यास पिस्टनचे वजन आणि स्प्रिंग दोन्हींत सारखे ठेवावे लागेल, तर ते आपल्या काट्यावर तोलून मिळेल का?

ओतशाळा, सांवेर रोड

अवश्य. दोन्ही पिस्टन नीडलसकट आणि स्प्रिंगसकट आणावेत, तेलाचा थेंबही राहू देऊ नये. शक्य असल्यास ती नकली बॉडी परत करण्यापूर्वी एकदा घेऊन यावी. ती कोणत्या वाळूत ओतली आहे ते मला पाहायचे आहे. इंदूरच्याच एखाद्या भट्टीतली निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.